खेळ सुरांशी व्हावा

पियानोचा वर्ग मजेदार करण्याची आज शिक्षकांमध्ये चढाओढ लागलेली दिसते. सराव केला की वहीत चांदणी चिकटवायची, ठरावीक चांदण्या जमल्या की बक्षीस द्यायचं. स्वर ओळखायचे पत्ते, पडद्यावर वरून घसरत येणारे रंगीत ठोकळे, अचूक पट्टी दाबली की मिळणारे गुण, चुकली की वाजणारा भोंगा. या सगळ्यामागचा हेतू चांगला आहे आणि भीतीही खरी आहे. कंटाळलेलं मूल पियानो सोडून देतं आणि एकदा सोडलेला पियानो सहसा पुन्हा उघडला जात नाही. तरीही या प्रकारच्या मजेबद्दल माझी तक्रार आहे. यातला जवळजवळ सगळा खेळ संगीताच्या बाहेर चालतो. पट्ट्यांवर बोटं ठेवली की पुन्हा तेच: छापलेलं वाचा, तसंच्या तसं वाजवा, चुकलात तर पहिल्यापासून.

शिकवणं सर्जनशील आहे की नाही, हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे. तासाभरात विद्यार्थ्याने स्वतः एक तरी सांगीतिक निर्णय घेतला का? हा सूर की तो, मोठा की हळू, इथे थांबायचं की पुढे जायचं, हे त्याने ठरवलं का? आणि ठरवल्यावर ते कसं लागतंय, हे स्वतःच्या कानाने तपासलं का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या वर्गात एकही चांदणी नसली तरी खेळ झाला. उत्तर ‘नाही’ असेल तर बक्षिसांची खैरात करूनही ती घोकंपट्टीच राहते.

बक्षिसांबद्दल तर सावध राहायला पक्कं कारण आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण आपणहून रंग हातात घेतं, हे पाहिलं तेव्हा बक्षिसाचा करार करून चित्र काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. जी गोष्ट ती हौसेने करत होती, ती आता मोबदल्याची झाली होती. ज्याला मुळात गोडीच नाही, त्याला सुरुवातीला थोडं आमिष उपयोगी पडत असेलही. पण पियानो उघडा दिसला की बहुतेक मुलं काही न सांगता त्यावर हात मारतात. ही ओढ घेऊनच मूल पहिल्या दिवशी आपल्याकडे येतं. तिच्यावर चांदण्यांचा दर लावायची गरज काय?

त्या पहिल्या दिवशी आपण करतो तरी काय? अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या वाद्यासमोर मुलाला बसवतो आणि मधल्या ‘सी’वर, म्हणजे वाद्याच्या साधारण मध्यावरच्या त्या नावाच्या पांढऱ्या पट्टीवर, अंगठा ठेवायला सांगतो. पुढचे काही आठवडे, कधी महिने, ते मूल मधल्या पाच-सात पांढऱ्या पट्ट्यांवर अडकून पडतं. डावीकडचा गडगडाट आणि उजवीकडचा किणकिणाट, ज्यासाठी त्याने खरं तर हात पुढे केला होता, ते दोन्ही ‘नंतर’वर जातं. हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी कुर्ताग यांनी १९७३ पासून लिहायला घेतलेल्या ‘याटेकोक’ या संग्रहमालेत नेमकं याच्या उलट केलं. नावाचा अर्थच ‘खेळ’. पियानो ज्यांच्यासाठी अजून खेळणं आहे, अशा मुलांच्या उत्स्फूर्त वाजवण्यातून त्यांना ही कल्पना सुचली. त्यात तळहाताने वाजवायचं असतं, कोपरापर्यंतच्या हाताने वाजवायचं असतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्यांवरून बोटं सरकवत न्यायची असतात. सुरांची अचूकता मागाहून येते. आधी संपूर्ण वाद्य हाताखाली येतं आणि खांद्यापासून बोटापर्यंतचा हात मोकळा होतो. हे लिहिणारा माणूस विसाव्या शतकातल्या सर्वांत काटेकोर संगीतकारांपैकी एक आहे. एकेका सुरावर जीव टाकणाऱ्या माणसाला मुलांचं पट्ट्या बडवणं संगीताची सुरुवात म्हणून दिसलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मधल्या ‘सी’चा हट्ट हाताच्या दृष्टीनेही फारसा शहाणपणाचा नाही. एकोणिसाव्या शतकातले पियानोवादक-संगीतकार शोपां आपल्या विद्यार्थ्यांचा हात ई, एफ-शार्प, जी-शार्प, ए-शार्प आणि बी या पट्ट्यांवर ठेवून सुरुवात करायचे (शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली). तळवा आपसूक कमानीत येतो, कारण लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर पडतात आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर हे सप्तक वाचायला सर्वांत सोपं, हाताला मात्र सर्वांत अवघड, असं त्यांचं मत होतं. आपण मात्र वाचनाच्या सोयीसाठी हाताची आणि कानाची सोय बाजूला ठेवत आलो आहोत.

काळ्या पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर एक खेळ जरा तपशिलात सांगते, कारण सर्जनशील शिकवणं प्रत्यक्षात कसं दिसतं ते त्यातून नीट कळतं. विद्यार्थी वरच्या बाजूला बसतो, शिक्षक खालच्या. शिक्षक डाव्या हाताने जी-फ्लॅट आणि डी-फ्लॅट या दोन काळ्या पट्ट्या संथ ठेक्यात वाजवत राहतो. विद्यार्थ्याला एवढंच सांगायचं: फक्त काळ्या पट्ट्या, बाकी तुझ्या मनाने. पाच काळ्या सुरांमध्ये एकमेकांना अगदी चिकटलेले दोन सूर नसल्यामुळे काहीही वाजवलं तरी कानाला टोचत नाही. चुकीचा सूर उपलब्धच नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी, एकही चिन्ह वाचता येत नसताना, मूल दुसऱ्या माणसाबरोबर संगीत करतं. आता शिक्षक काही न बोलता खालचे दोन सूर बदलतो आणि ई-फ्लॅट व बी-फ्लॅट घेतो. विद्यार्थ्याचा हात त्याच पट्ट्यांवर आहे, पण सगळा रंग पालटतो. बहुतेक मुलं इथे वर बघतात. काय झालं, असं विचारतात. मेजर आणि मायनर, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातले उजळ आणि गंभीर रंगाचे स्वरसमूह, हे शब्द त्या प्रश्नानंतर यावेत. तोवर त्या शब्दांना ऐकलेला अर्थ मिळालेला असतो.

या खेळातली खरी मेख मर्यादेत आहे. ‘तुला वाटेल ते वाजव’ असं सांगितलं की धीट मूल धिंगाणा घालतं आणि लाजरं मूल गोठून जातं. मोकळीक म्हणजे कुंपण काढून टाकणं, असा समज शिक्षकांमध्ये फार आहे आणि अशा एक-दोन फसलेल्या तासांनंतर ते पुन्हा पुस्तकाकडे वळतात. लाजऱ्या मुलाला दोनच सूर द्यावेत. दोन सुरांत एक प्रश्न विचार, मी त्याच दोन सुरांत उत्तर देते. मग तिसरा सूर वाढवावा. निवडीला जागा असावी, पण ती नजरेच्या टप्प्यात मावावी, एवढं सांभाळलं तर न उमलणारं मूल मी पाहिलेलं नाही.

आता नेहमीचा आक्षेप घेऊ. हे सगळं आधुनिक लाडावणं आहे, जुन्या गुरूंनी शिस्तीने शिकवलं म्हणून कलाकार घडले, असं म्हणतात. जुने गुरू कसे शिकवायचे ते जरा पाहू या. जर्मन संगीतकार बाख यांनी १७२० साली आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी एक वही सुरू केली. पुढे ‘इन्व्हेन्शन्स’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या रचनांची आधीची रूपं त्याच वहीत आहेत. त्या रचनांच्या १७२३ च्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर बाख स्वतः हेतू सांगतात: एकाच वेळी चालणाऱ्या दोन आणि मग तीन सुरावटी स्वच्छ वाजवायला शिकणं, गायल्यासारखं वाजवणं, आणि त्याच बरोबरीने चांगल्या कल्पना सुचणं, त्या फुलवता येणं, रचनेची गोडी लागणं. आज परीक्षेच्या यादीतला एक तुकडा म्हणून ही रचना वाजवणाऱ्या किती जणांना शिक्षक सांगतात, की याच्या पहिल्या सात-आठ सुरांवरून आता तुझं स्वतःचं काही करून बघ? बाख यांचे पहिले चरित्रकार फोर्केल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बाख नवशिक्यांकडून कित्येक महिने केवळ बोटांचे व्यायाम करून घ्यायचे. पण कुणाचा धीर सुटतोय असं दिसलं, की तेच व्यायाम गुंफून ते छोट्या रचना लिहून द्यायचे. म्हणजे शिस्त होतीच. फक्त ती शेवटी संगीतात उतरत होती आणि समोरच्या विद्यार्थ्याचा चेहरा बघून बदलत होती.

अठराव्या शतकातल्या नेपल्सच्या संगीतशाळांमध्ये मुलांना बहुतेकदा फक्त खालच्या सुरांची एक ओळ दिली जायची. वरचं सगळं संगीत मुलाने वाजवता वाजवता घडवायचं. शिकण्याची मुख्य पद्धतच ही होती. आणि चेर्नी! ज्यांच्या नावाने आज पियानो शिकणाऱ्याला धडकी भरते, त्या कार्ल चेर्नी यांनी १८२९ साली उत्स्फूर्त वादन पायरीपायरीने शिकवणारा एक अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांचा ओपस (रचना-क्रमांक) २००. आपण त्यांच्या बोटांच्या कसरती तेवढ्या ठेवल्या आणि हा ग्रंथ कपाटात टाकला. प्रसिद्ध पियानोवादक क्लारा शूमान यांचे वडील फ्रीडरिश वीक हे कडक शिक्षक म्हणून ओळखले जातात. तेसुद्धा लहान मुलांना सुरुवातीला स्वरलिपी न दाखवता कानाने शिकवायचे.

मग हे गेलं कुठे? एकोणिसाव्या शतकात पियानो घराघरांत पोहोचला, शिकणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली आणि एकसारखं, मोजता येईल असं शिकवणं सोयीचं झालं. १८१४ साली योहान बर्नहार्ड लोगिए यांनी ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या साधनाचं पेटंट घेतलं. पियानोसमोर बसवायची ती एक चौकट होती. मनगट दोन दांड्यांच्या मधे आणि प्रत्येक बोट आपापल्या खाचेत, म्हणजे हात जागचा हलायलाच नको. १८७३ मध्ये फ्रेंच शिक्षक आनों यांचे साठ व्यायाम आले, रोज तासाभरात सगळे वाजवून व्हावेत अशा बेताने लिहिलेले. पुढे श्रेणींच्या परीक्षा आल्या आणि त्यांच्यामागून वर्षभर तीनच तुकडे घासत बसायची रीत आली. कायरोप्लास्ट केव्हाच नाहीसा झाला. पण विद्यार्थ्याने स्वतःहून काही हलवू नये, ही त्यामागची धारणा अजून शाबूत आहे. तेव्हा परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण परंपरेचा द्यावा. या वाद्यावरच्या शिक्षणाच्या मुळाशी वाजवणं, रचणं आणि ऐकणं एकत्र होतं. ते वेगळं करणं हा तुलनेने अलीकडचा प्रकार आहे.

तंत्राचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. काही गोष्टींना संथ, एकेका हाताने, पुन्हा पुन्हा करण्याखेरीज इलाज नाही. अंगठा बोटांखालून कसा न्यायचा, उडी मारताना खांदा कसा सैल ठेवायचा, हे कल्पनाशक्तीने येत नाही. मुलं कष्टाला घाबरतात असंही मला वाटत नाही. आपण बनवलेली धून दुसऱ्या दिवशी आठवेना म्हणून रडवेली झालेली एक मुलगी मला आठवते. पुढच्या वेळी तिने कागदावर स्वतःच्या खुणा करून आणल्या होत्या. वर जाणारा सूर वर, लांब सूर लांब रेघेने. पण नेमका किती वर, हे त्या खुणांवरून कळेना. मग पाच रेघा कशासाठी असतात ते तिला सांगितलं. जी स्वरलिपी एरवी महिनोन्‌महिने कंटाळवाणी वाटते, ती तिने झपाट्याने उचलली, कारण तिला काहीतरी जपून ठेवायचं होतं. गरज आधी यावी आणि तंत्र मागून यावं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

सरावातसुद्धा खेळाने साधणारं बरंच आहे आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. विद्यार्थ्याने आपल्या तुकड्यातल्या सहा अवघड जागा स्वतः शोधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि फासा पडेल ती जागा वाजवायची. एकच जागा वीस वेळा घासण्याऐवजी उड्या मारत सराव होतो. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की आलटूनपालटून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडतात, पण नंतर लक्षात ठेवण्यात पुढे जातात. तो प्रयोग पियानोवरचा नव्हता, तरी घरी छान येणारं वर्गात का येत नाही, या प्रत्येक शिक्षकाच्या तक्रारीवर तो बराच प्रकाश टाकतो. मात्र जागा शिक्षकाने ठरवून दिल्या तर फासा नुसती करमणूक ठरतो. अवघड जागा कोणती आणि ती का अडते, हे विद्यार्थ्याने शोधण्यात सगळं शिकणं आहे.

ठरलेल्या रचनाही अशाच उघडता येतात. बाख यांच्या पत्नी आना माग्डालेना यांच्या वहीतलं जी मेजरमधलं मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांचं नृत्यसंगीत, जवळपास प्रत्येक विद्यार्थी वाजवतो. लोक ते बाख यांचं समजत आले, प्रत्यक्षात ते क्रिस्तियान पेत्सोल्ड यांचं आहे. ते येऊ लागलं की म्हणावं, आता सगळे बी आणि ई अर्धा सूर खाली घे. नाचरं गाणं गंभीर होतं. मग त्याच वहीतलं, त्याच पेत्सोल्ड यांचं जी मायनरमधलं मिन्युएट समोर ठेवावं. संगीतकाराने तोच प्रदेश कसा वेगळा हाताळला, हे ऐकायला आता त्या मुलाजवळ स्वतःचा अंदाज असतो. तीन मात्रांच्या ठेक्यात मुद्दाम चौथी मात्रा घालून बघायला सांगावं. नाच का अडखळतो ते पायांना कळतं. ही मोडतोड रचनेचा अनादर आहे, असं मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. जी गोष्ट आपण बदलून पाहिली, ती आहे तशी का आहे हे आपल्याला कळू लागतं.

आणि वाद्यालाही थोडं बोलू द्यावं. मधला ‘सी’ आवाज न करता अलगद दाबून धरायचा आणि त्याच्या खालच्या सप्तकातला ‘सी’ जोरात वाजवून लगेच सोडायचा. न वाजवलेला सूर हवेत तरंगत राहतो, कारण त्याची तार मोकळी आहे आणि खालच्या सुराच्या पोटात तो सूर आहेच. आता मधल्या ‘सी’ऐवजी शेजारचा ‘डी’ धरून बघा, जवळजवळ काही येत नाही. मधल्या ‘सी’च्या वरचा ‘जी’ धरला तर पुन्हा येतं. कोणते सूर एकमेकांना ओळखतात, हे मूल असं हाताने शोधत जातं. पडद्यावरच्या घसरत्या ठोकळ्यांमध्ये ही सोय नाही. तिथे डोळा रंगावर आणि बोट पट्टीवर असतं, कानाला काही कामच उरत नाही. आवाज बंद करूनही पूर्ण गुण मिळवता येतील, असा खेळ संगीत शिकवतो असं मी कसं म्हणू?

मोठेपणी शिकायला येणाऱ्यांना तर खेळाची गरज मुलांहून जास्त असते. त्यांच्या कानाची समज हाताच्या कितीतरी पुढे असते, म्हणून स्वतःचं वाजवणं त्यांना सहन होत नाही. तालबद्ध दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि वर चार सूर, एवढ्यावर ते स्वतःचं काही रचू लागले की तुलना थांबते. त्या धुनेचं दुसरं कुणी वाजवलेलं रूपच नसतं. पण मोठ्या माणसाला खेळायला सांगायचा आपल्यालाच संकोच वाटतो आणि आपण त्यांच्यापुढे सोपं केलेलं एखादं प्रसिद्ध गाणं ठेवून मोकळे होतो.

हे वर्गावर्गांत रुजायचं असेल तर एकट्या शिक्षकाच्या उत्साहावर सोडून चालणार नाही. परीक्षेत जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांमध्ये उत्स्फूर्त वादनाचा पर्याय आहे. पण पर्याय असला की बहुतेक शिक्षक ओळखीची वाट निवडतात. माझी मागणी अशी आहे की प्रत्येक श्रेणीत, अगदी पहिल्यापासून, विद्यार्थ्याने स्वतः घडवलेलं काहीतरी सक्तीचं असावं. चार ओळींची धून चालेल, दिलेल्या सुरावटीला शोधलेलं उत्तर चालेल, ठरलेल्या तुकड्याचं बदललेलं रूप चालेल. ते मोजायचं कसं, ही अडचण सांगितली जाते. पण गायल्यासारखं वाजवलं की नाही, याला परीक्षक आजही गुण देतातच. तोही कानाचाच निवाडा आहे. वार्षिक कार्यक्रमांतही तेच करता येईल: प्रत्येकाचा एक छापील तुकडा आणि एक स्वतःचा. पालक पाठांतराच्या सफाईवर टाळ्या देतात, कारण आपण त्यांना ऐकायला दुसरं काही दिलेलंच नाही.

खरी अडचण शिक्षकांच्या बाजूला आहे, आणि ती समजून घ्यायला हवी. स्वरलिपीशिवाय पियानोसमोर बसायची वेळ आपल्यापैकी अनेकांवर कधी आलीच नाही. जे आपल्याला कुणी शिकवलं नाही ते विद्यार्थ्यासमोर करायचं म्हणजे पोटात गोळा येतो. शिक्षक-पदविकांच्या अभ्यासक्रमात कानाने वाजवणं, साथ रचणं आणि तिथल्या तिथे वादन करणं यांना शिकवणी-तंत्राइतकंच वजन मिळावं, ही माझी दुसरी मागणी. अभ्यासक्रम बदलायला वेळ लागेल. तोवर ज्याला धास्ती वाटते त्या शिक्षकानेही डाव्या हाताने दोन काळ्या पट्ट्या धराव्यात, संथ ठेका द्यावा आणि विद्यार्थ्याला वरची बाजू मोकळी करून द्यावी. पहिल्या तासाला तेवढं पुरतं, आणि त्यासाठी कुठल्याही पदविकेची वाट पाहावी लागत नाही.